मराठेशाहीतील न्याय, लेखांक 9 : हरलेल्याच्या हातचा कागद

रवादिव्याची, म्हणजे उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढण्याच्या दिव्याची, हकीकत या अंकी सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु महजरावरील, म्हणजे सभेच्या निशाण्यांसह केलेल्या निवाड्याच्या कागदावरील, लेखांक वाचून कराडच्या एका वाचकांनी असा प्रश्न धाडला आहे की, त्याला बगल देऊन पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. ते विचारतात : गोतसभेने, म्हणजे गावच्या वतनदारांच्या व भाऊबंदांच्या सभेने, निवाडा केला, पाटलाने नांगराची, न्हाव्याने आरशाची निशाणी महजरावर केली, हे सारे खरे, पण ज्याच्याविरुद्ध निकाल गेला तो मनुष्य निकाल मानीतच नसेल, तर त्या सभेने करावे काय?

प्रश्न मार्मिक आहे, आणि मराठेशाहीच्या न्यायपद्धतीचा सगळा मर्मभाग त्याच्या उत्तरात साठविला आहे असे माझे मत आहे. आजचे न्यायालय आधी निकाल देते आणि तो अमलात कसा आणावयाचा याचा विचार मागाहून, दरखास्त दाखल झाल्यावर करते. गोतसभा हा विचार आरंभीच करून ठेवीत असे. अग्रवादी आणि पश्चिमवादी यांचे करिने, म्हणजे लेखी कैफियती, ऐकून घेऊन वादास हात घालण्यापूर्वी दोघांकडूनही राजीनामा लिहून घेतला जाई, की अमुक सभा जे ठरवील त्यास आम्ही राजी आहो. आणि नुसत्या शब्दावर न विसंबता हाजिर राहण्याचा एक व निवाड्याप्रमाणे वागण्याचा दुसरा असे जामीनही घेतले जात. हे जामीन बहुधा मुलखातले वजनदार वतनदार असल्यामुळे वादी फिरला तर त्याच्याबरोबर जामीनदाराचीही पत जाई, आणि वाद्याला वळणावर ठेवण्याची निकड सरकारइतकीच जामीनदारालाही वाटे.

पण खरा कळसाचा कागद याच्याही पुढे आहे. निवाडा झाल्यावर जिंकलेल्यास निवाडपत्र मिळे हे सर्वांस ठाऊक असते. परंतु त्याच बैठकीत हरलेल्याकडून जिंकलेल्याच्या नावे एक कागद लिहून घेतला जात असे, त्याचे नाव यजितखत. त्यात तो स्वतःच लिहून देई की, अमक्या गावच्या पाटिलकीबद्दल मी तुमच्याशी कथला केला, मजालशीत मी खोटा झालो, आता या वतनाशी मला अगर माझ्या लेकराबाळांस काही संबंध नाही, आणि पुन्हा कथला केला तर दिवाणाचा गुन्हेगार व गोताचा अन्यायी ठरेन. सभेने पराभूताला ‘तू हरलास’ असे सांगणे निराळे, आणि पराभूताने ‘मी हरलो’ असे स्वहस्ते अगर स्वतःच्या निशाणीने, ज्या गोतात त्याला मुलीबाळी द्यावयाच्या आणि सणासुदीला मान घ्यावयाचा त्या गोतासमक्ष लिहून देणे निराळे. जिंकलेल्याकडून हरकी व हरलेल्याकडून गुन्हेगारी सरकारात जमा होई ती बाब पैशाची. यजितखताची बाब अब्रूची होती.

डॉ. वि. त्रिं. गुणे यांनी 1600 ते 1818 या काळातील महजर, निवाडपत्रे आणि सरकारी हुकूम यांची चाळण करून मराठ्यांच्या न्यायसंस्थेवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ डेक्कन कॉलेजने 1953 साली प्रसिद्ध केला. असे कागद एकामागून एक वाचीत गेलो की या पद्धतीची मर्यादाही लपत नाही. अंमल पालटला की जुने कथले पुन्हा डोके वर काढीत. आदिलशाहीत हरलेला शिवशाहीत उभा राही आणि शिवशाहीत हरलेला मोगलांच्या ठाणेदाराकडे धाव घेई. अशा वेळी जिंकलेल्याच्या नातवाने पेटीतून काढावयाचे अस्त्र म्हणजे आजोबांना मिळालेले यजितखत. ‘याचा निकाल पूर्वीच लागला आहे’ हे उत्तर आपल्या धर्मशास्त्राला चांगले परिचित होते; मिताक्षरेने प्रतिवादीच्या उत्तराचे जे चार प्रकार सांगितले आहेत त्यांत प्राङ्न्याय हा एक आहे, आणि 1908 च्या दिवाणी व्यवहार संहितेचे 11 वे कलम तेच तत्त्व निराळ्या घराण्यातून आणते. फरक एवढाच, की त्या कलमाचा आधार पूर्वीच्या न्यायालयाचा निर्णय हा आहे, आणि यजितखताचा आधार प्रतिपक्षाचीच कबुली हा होता.

पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टन याने 1819 च्या अहवालात पंचायतीस न्यायदानाचे मुख्य साधन म्हटले, तिची दिरंगाई नमूद केली, आणि तरीही ती राखण्याचाच कौल दिला. पुढे 1827 साली सत्तावीस कायद्यांची संहिता आली, अदालतींची उतरंड उभी राहिली, आणि हरलेल्यास अपिलाची पायरी मोकळी झाली. माझ्या मते पंचायतीचा ऱ्हास पंचांच्या नालायकीने झाला नाही. वरच्या अदालतीत दाद मागण्याची वाट मोकळी असता हरलेला मनुष्य यजितखत कशाला लिहून देईल? ही वाट मोकळी झाली हे न्यायाच्या दृष्टीने इष्टच झाले, कारण गोताच्या दडपणाखाली दुर्बळाने लिहून दिलेली कबुलीही त्या जुन्या कागदांत असणारच. परंतु दोन्ही पक्षांना आधीच बांधून घेण्याची ती युक्ती टाकून देण्यासारखी मात्र खास नव्हती.

आता एक विनंती. हा कागद लिही हरलेला, पण राही जिंकलेल्याच्या घरी. म्हणून ज्यांच्या घरात जुनी वतने होती त्यांनी माळ्यावरचे मोडी रुमाल रद्दीत घालण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्यास एकवार दाखवावेत, आणि त्यात यजितखत आढळल्यास त्याची नक्कल माझ्याकडे किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे अवश्य धाडावी. रवादिव्य पुढील आठवड्यात.