डाव सोडायचा कधी?

दहावीच्या वर्गात संभाव्यता शिकवताना पत्त्यांचा कॅट हटकून येतो. '५२ पानांतून एक पान काढले, तर ते राजा असण्याची संभाव्यता किती?' मुले ४/५२ लिहितात, त्याचे १/१३ करतात आणि गुण मिळवतात. पण त्या १/१३ चे पुढे करायचे काय? उत्तर आले म्हणून कोणाला काही ठरवावे लागत नाही. ज्या खेळात असे उत्तर काढून ताबडतोब निर्णय घ्यावा लागतो, तो फाइव्ह कार्ड ड्रॉ पोकर या लेखात पाहू या. आपले चलन अर्थातच चिंचोके.

पोकर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या आसपासच्या प्रदेशात वाढला. सुरुवातीला तो २० पानांवर खेळत. पुढे ५२ पाने आली आणि पाने बदलण्याची सोयही आली. आपण ज्याचा विचार करत आहोत तो खेळ असा. प्रत्येकाने मध्ये एक चिंचोका टाकायचा. प्रत्येकाला पाच पाने उपडी वाटायची. पाने पाहून ज्याला वाटेल त्याने आणखी चिंचोके लावायचे. इतरांनी तेवढेच देऊन डावात राहायचे, वाढवायचे, किंवा डाव सोडायचा. मग राहिलेल्यांनी नको असलेली पाने टाकून तेवढीच नवी घ्यायची. पुन्हा एकदा लावालावी, आणि शेवटी उरलेल्यांनी पाने दाखवायची. मध्ये जमलेल्या राशीला पॉट म्हणतात.

पाच पानांचे एकूण २५,९८,९६० संच होतात. त्यांतल्या निम्म्यांहून किंचित अधिक संचांत काहीच नसते. सुमारे ४२ टक्क्यांत एक जोडी असते, पावणेपाच टक्क्यांत दोन जोड्या, दोन टक्क्यांत तीन सारखी पाने. त्यावर सिक्वेन्स, मग कलर, मग फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी), मग चार सारखी आणि सर्वांत वर एकाच रंगाचा सिक्वेन्स. तीन पत्ती माहीत असलेले वाचक येथे अडखळतील. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा, आणि येथे उलट कसे? कारण मोजणीत आहे. तीन पानांच्या २२,१०० संचांत साधे सिक्वेन्स ७२० आणि साधे कलर १०९६ आहेत. पाच पानांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५१०८. जे दुर्मीळ ते मोठे. (तीन पत्तीत मात्र या नियमाला एक अपवाद आहे. ट्रेल ५२ आणि एकाच रंगाचे सिक्वेन्स ४८ असूनही ट्रेल मोठी मानतात. मुलांकडून हे मोजून घ्यावे. रूढी आणि गणित यांची फारकत त्यांना स्वतःच सापडेल.)

आता मुख्य प्रश्न. समजा, आपल्याकडे बदामाची चार पाने आहेत - राजा, दश्शी, सत्ती, चौकी - आणि पाचवी किलवरची नव्वी. नव्वी टाकून एक पान घेतले आणि ते बदाम निघाले, तर कलर होईल. न पाहिलेली पाने ४७, त्यांत बदाम ९. म्हणजे शक्यता ९/४७, साधारण १९ टक्के.

येथे वर्गातले एखादे चलाख मूल आडवे येते. 'त्या ४७ पानांतली २० तर समोरच्या चौघांच्या हातात आहेत. सगळे बदाम तिकडेच गेले असले तर?' शंका चांगली आहे, आणि तिला 'तसे नसते' असे म्हणून गप्प करू नये. बदाम तिकडे जास्त गेले असतील, तसेच कमीही गेले असतील. आपल्याला त्यातले काहीच ठाऊक नाही. एका पिशवीत ४७ चिठ्ठ्या आहेत, त्यांतल्या २० न पाहता दुसऱ्या पिशवीत टाकल्या, तरी पहिल्या पिशवीतून निघणारी चिठ्ठी त्या ४७ पैकी कोणतीही असू शकते, आणि प्रत्येकीला सारखीच संधी असते. मात्र एखाद्याचे पान चुकून उलटे पडले आणि ती चौकटची राणी निघाली, तर आता ९/४७ नव्हे, ९/४६. पान तेथेच होते, बदलली ती आपली माहिती. संभाव्यता पानांना चिकटलेली नसून आपल्याला काय माहीत आहे त्यावर अवलंबून असते, हे सांगायला याहून सोपे उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

तर १९ टक्के. डावात राहावे की सोडावे? नुसत्या १९ वरून हे ठरत नाही. राहण्याची किंमत आणि पॉट दोन्ही हवेत. पॉटमध्ये १२ चिंचोके आहेत आणि राहायला ३ द्यावे लागतात असे धरा. हाच प्रसंग ४७ वेळा आला आणि प्रत्येक पान एकेकदा निघाले, तर ३८ वेळा तीन-तीन गेले: ११४. नऊ वेळा बारा-बारा आले: १०८. सहा चिंचोक्यांचा तोटा. पॉट १५ चा असेल तर नऊ वेळा मिळून १३५ येतात आणि २१ उरतात. पाने तीच, शक्यता तीच, निर्णय मात्र उलटा! (कलर झाल्यावर दुसऱ्या फेरीत आणखी काही मिळू शकते, आणि क्वचित समोर फुल हाउस निघून कलर हरतोही. प्रथम या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवाव्यात.)

आता पाच, सहा, आठ, नऊ अशी पाने हातात आहेत आणि सत्ती हवी आहे. सत्त्या चारच. तोच १५ चा पॉट, तेच ३ चिंचोके: ४३ वेळा मिळून १२९ जातात, चार वेळा मिळून ६० येतात. डाव सोडावा. नवखे खेळाडू सर्वांत जास्त चिंचोके याच 'मधल्या पानाच्या' आशेवर घालवतात. 'बराच वेळ आली नाही, आता येईलच' हे त्यांचे समर्थन. पिसलेल्या कॅटला मागचा डाव आठवत नाही.

जोडीचा विचार थोडा वेगळा आहे, कारण तेथे प्रश्न समोरच्यांच्या पानांचा असतो. पहिल्या वाटपात गुलामांची जोडी किंवा त्याहून चांगले काही मिळण्याची शक्यता सुमारे २१ टक्के असते. म्हणजे न मिळण्याची ७९. आपल्यानंतर चौघे बोलायचे असतील, तर त्यांच्यापैकी एकाकडेही तसे नसण्याची शक्यता ०.७९ चारदा गुणून साधारण ०.४ येते (सगळे एकाच कॅटमधून वाटलेले असल्याने हा गुणाकार अगदी काटेकोर नाही, पण कामापुरता आहे). म्हणजे दहापैकी सहा वेळा सत्तीच्या जोडीपेक्षा वरचढ असे काही कोणाकडे तरी असतेच. मग पहिल्याने बोलताना सत्तीची जोडी सोडावी. सर्वांत शेवटी पाळी असेल आणि चौघेही गप्प राहिले असतील, तर तीच जोडी खेळावी.

जोडी ठेवली तर तीन पाने बदलावीत. सुधारणा होण्याची शक्यता २८.७ टक्के. पुष्कळ जण जोडीबरोबर एक्का ठेवून दोनच पाने बदलतात. तेव्हा ती २५.९ टक्के होते. एक्क्याचा मोह अडीच-तीन टक्क्यांना पडतो. तरी कसलेले खेळाडू अधूनमधून हे मुद्दाम करतात, कारण दोन पाने बदलणाऱ्याकडे तीन सारखी असावीत असा समोरच्याचा समज होतो. कोणी किती पाने बदलली, हे या खेळात उघड दिसणारे एकमेव चिन्ह आहे. तीन बदलली तर जोडी. एक बदलले तर दोन जोड्या किंवा अर्धवट कलर-सिक्वेन्स. एकही नाही तर सावध!

हे चिन्ह खोटेही असू शकते, आणि येथून ब्लफचे गणित सुरू होते. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ साली अशा खेळांच्या सिद्धांतावर निबंध लिहिला आणि १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात पोकरवर एक प्रकरणच दिले. ब्लफ म्हणजे नुसता धीटपणा नाही, त्याचे प्रमाण काढता येते, हे त्यातून स्पष्ट झाले. आपली चार बदामांची पाने पुन्हा घ्या. एक पान बदलले. पॉट १० चा आहे, आपण १० लावले. कलर झाला तरच आपण लावतो हे समोरच्याला कळले, तर तो दर वेळी सोडेल आणि आपला कलर वाया जाईल. नेहमीच लावले, तर तो दर वेळी दहा देऊन पाहील. त्याला १० देऊन २० मिळवायचे आहेत; तीन वेळांत आपण एकदा खोटे असू, तर त्याचे दोनदा दहा-दहा जातात आणि एकदा वीस येतात. नफा नाही, तोटाही नाही. मग नऊ खऱ्या पानांमागे चार-साडेचार खोटी हवीत. ती निवडायची कशी? आधीच ठरवून ठेवायचे: बदामाखेरीज तीन दुर्र्या आणि इस्पिकची तिर्री, ही चार पाने आली तरी कलर झाल्यासारखेच लावायचे. मग आपल्या चेहऱ्यावरून कोणाला काही ओळखता येणार नाही, कारण निवड आपण केलेलीच नसते, पानाने केलेली असते.

चिंचोक्यांऐवजी पैसे आले की यांतले बरेच गणित बिघडते. पॉट १३ आणि किंमत ३ असेल, तर कलरच्या आशेवर ४७ वेळांत ११४ जाऊन ११७ येतात, जेमतेम फायदा. आता खेळवणारा जिंकलेल्या राशीतून ५ टक्के कापून घेतो असे धरा. सोळाच्या राशीतून ०.८ गेले, १२.२ उरले, नऊ वेळा मिळून १०९.८. अचूक खेळूनही तोटा! कॅलिफोर्नियाच्या कायद्यात निषिद्ध खेळांत 'स्टड' पोकरचे नाव होते, ड्रॉचे नव्हते. म्हणून गार्डीना शहरातल्या क्लबांत १९३६ पासून सुमारे पन्नास वर्षे ड्रॉच चालला. आपल्याकडे कौशल्य की नशीब हा वाद न्यायालयांत पुष्कळ झाला, आणि २०२५ साली संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कौशल्य असले तरी कापलेल्या पाच टक्क्यांचे काय, हा प्रश्न मात्र आठवीतल्या मुलालाही सोडवता येतो.

वर्गात पत्ते आणणे काही ठिकाणी पसंत पडणार नाही. तेथे ४७ चिठ्ठ्या आणि एक पिशवी पुरे; नऊ चिठ्ठ्यांवर बदाम काढावा. (तसेही प्रत्यक्ष खेळात एका रंगाची नेमकी चार पाने शंभरात चार-पाच वेळाच येतात, म्हणजे तासभरात हाती फारसे काही लागत नाही.) चाळीस मुलांनी प्रत्येकी दहा वेळा चिठ्ठी काढावी, पाहून परत टाकावी, पिशवी हलवावी. ४०० पैकी सुमारे ७७ वेळा बदाम यावा. ६० ते ९३ च्या दरम्यान काहीही आले तर नवल मानू नये. एकेका मुलाच्या दहा चिठ्ठ्यांचे आकडेही फळ्यावर वेगळे लिहावेत. त्यांत शून्य असेल, चार-पाचही असतील, आणि पाच मिळालेले मूल १२ च्या पॉटवर डाव सोडायला मुळीच तयार होणार नाही. त्याला आणखी शंभर वेळा काढू द्याव्यात.