आकाशदीप चढविण्याची सुलभ रीत

पंढरपूरचे काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनीं इ. स. १७९० मध्यें पूर्ण केलेल्या ‘धर्मसिंधु’ ग्रंथांत आकाशदीपाचा विधि आला आहे. दीप उंच असावा हें खरें. पण त्यासाठीं माणसानेंही उंच चढावें, असें मात्र नव्हे!

आमच्या शिरूर कासारकडील जुन्या घरांना माळवदें असतात. दिवाळी आली कीं घरांतील एखादा मुलगा डळमळत्या शिडीवर चढतो, आणि खालीं आजीचा जीव टांगणीला लागतो. एका सायंकाळच्या शोभेपायीं हातपाय मोडून घेणें शहाणपणाचें नव्हे.

उपाय विहिरीवरील रहाटाचाच आहे. काठी आडवी असतांनाच तिच्या शेंड्यास लहान कप्पी पक्की बांधावी, तींत दोरी ओवून दोन्ही टोकें गांठावीं आणि मग काठी उभी करावी. १५ फूट उंचीस सुमारें ३२ फूट दोरी पुरते. कंदील दोरीस बांधून एक पदर ओढतां तो वर जातो. दुसरा ओढतां खालीं येतो. अशा कप्पीनें भार हलका होत नाहीं, ओढीची दिशा मात्र पालटते. आणि माणूस जमिनीवर राहतो.

विजेच्या माळेस भिंतीच्या दोन्ही टोकांस एकेक कप्पी लावावी. माळ आधीं आडव्या दोरीस जागोजागीं बांधावी, म्हणजे ताण तारेवर पडत नाहीं. माळ चढवितां-उतरवितां वीज बंद ठेवावी. तारेचा जोड ओसरींत, कोरड्या जागीं असावा.

ही सोय एकदां झाली, कीं शिडी न चढवणारे आजोबाही अंगणांत उभे राहून स्वहस्तें दीप चढवूं शकतील.