फॉर्च्युनर दहा लाखात, पण किलोमीटर कितीला?

या भागात एकच प्रश्न घेतलाय, पण तो अर्ध्या महाराष्ट्राचा आहे. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातलं थोडं तसंच ठेवलंय, फक्त आकडे नीट मांडलेत.

कराडकडच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. नोकरी पुण्यात, पगार हातात ५८ हजार. "दादा, २०१४ ची फॉर्च्युनर मिळतेय. तीन लिटर डिझेल, फोर बाय फोर, मॅन्युअल. १ लाख ४२ हजार चाललीय. मालक दहा लाख म्हणतोय. ॲव्हरेज किती देईल?"

भावा, ॲव्हरेजचं उत्तर सोपं आहे. शहरात आठ-नऊ, हायवेवर नीट चालवली तर अकरा-बारा. मिळून साडेनऊ धर. पण तू प्रश्न चुकीच्या टोकाने विचारलायस. नवी फोर बाय फोर फॉर्च्युनर ऑन-रोड पन्नास लाखांच्या घरात जाते. जुनी दहा लाखात मिळते म्हणजे किंमत पाचपट खाली आली. पण तिचा टायर, तिचं ऑइल, तिचा क्लच, तिचं डिझेल, यांतलं काहीच पाचपट स्वस्त झालेलं नाही. गाडी जुनी होते, तिचा खर्च पन्नास लाखांच्या गाडीचाच राहतो. हे डोक्यात ठेवून पुढचा हिशेब बघ.

आधी डिझेल जातं कुठे ते बघू, कारण इथे गैरसमज फार आहेत. पहिला गैरसमज म्हणजे "फोर बाय फोर आहे म्हणून पिते". अर्धंच खरं. २०१६ च्या शेवटी आलेल्या दुसऱ्या पिढीच्या फॉर्च्युनरमध्ये नॉब फिरवून टू-व्हील, फोर-व्हील हाय आणि लो निवडता येतं. रोजच्या रस्त्यावर ती मागच्या दोन चाकांवरच चालते. फोर बाय फोरचं ओझं म्हणजे ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शियल आणि पुढचा शाफ्ट, हे शंभरेक किलो लोखंड तेवढं सोबत वाहायचं. पण तू बघतोयस ती पहिल्या पिढीची. तिच्यात चारही चाकांना कायम ताकद जाते, बंद करायची सोय नाही. त्यामुळे थोडं डिझेल जास्त जातं, नाही असं नाही. पण खरे खाणारे तीन वेगळेच आहेत. वजन, वारा आणि ट्रॅफिक.

वजन बघ. गाडी दोन टनांच्या आसपास, पाच माणसं आणि सामान धरून २४०० किलो म्हणू. आता ती खोपोलीहून लोणावळ्याला न्यायची, म्हणजे साधारण साडेपाचशे मीटर उचलायची. शाळेतलं फिजिक्स लाव. वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची, उत्तर येतं जवळपास १३० लाख ज्यूल. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६० लाख ज्यूल असतात, पण इंजिन त्यातले पस्तीसेक टक्केच चाकापर्यंत पोचवतं. म्हणजे नुसती गाडी वर चढवायला एक लिटर डिझेल. रस्त्याचं घर्षण, वारा, एसी हे सगळं वेगळं. उतरताना गिअरमध्ये ठेवून पाय काढलास तर इंजेक्टर डिझेल बंद करतात, तेवढी बचत होते. बाकी सगळं ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातं. न्यूट्रलवर उतरवणारे हुशार मात्र ब्रेकही तापवतात आणि इंजिन चालू ठेवायला डिझेलही घालवतात. ते धोक्याचंही आहे, ते वेगळंच.

वारा तर त्याहून वाईट. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० च्या जागी ११० ने गेलास तर दर किलोमीटरला वाऱ्याशी लढायची ऊर्जा जवळजवळ १.९ पट लागते. छोट्या सेडानचं नाक बारीक, बसकी असते. फॉर्च्युनर म्हणजे एक कपाट उभं धरून पळायचं. त्यावर तू छतावर कॅरियर लावणार, त्यात सामान नसलं तरी वारा अडणारच. साताऱ्याला पंधरा मिनिटं आधी पोचायची किंमत डिझेलमध्ये मोजायची असेल तर एकदा ८५ ने जा, एकदा ११० ने जा आणि टाकी भरून बघ.

आणि शहर. सिग्नलला एसी लावून उभी असलेली अशी गाडी तासाला लिटरभर डिझेल पिते, एक मीटरही पुढे न जाता. हिंजवडीच्या रस्त्यावर हा आकडा महत्त्वाचा आहे, तिथले लोक समजून घेतील.

आता ॲव्हरेज मोजायची पद्धत, कारण विकणारा "बारा-तेरा देते" म्हणणारच. पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप कट झालं की थांब, दाबून दाबून भरू नको. ट्रिप मीटर शून्य कर. पुढच्या वेळी त्याच पंपावर, तसंच भर. किलोमीटर भागिले लिटर. हे तीन टाक्या कर, मग आकड्यावर विश्वास ठेव. अजून एक. मूळ टायर २६५/६५ आर १७ असेल आणि मालकाने दिसायला भारी म्हणून २६५/७० टाकले असतील, तर चाकाचा व्यास साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढतो. मीटर खरं अंतर तेवढंच कमी दाखवतं. म्हणजे ॲव्हरेजही चुकीचं आणि ओडोमीटरवरचे १ लाख ४२ हजारही थोडे कमीच.

हायस्कूलला असतो तसा एक हिशेब सांगतो. किलोमीटर प्रति लिटर हा आकडा फसवा आहे. १०० किलोमीटरला किती लिटर, असं मोजा. ९ वरून १० वर ॲव्हरेज गेलं तर १०० किलोमीटरला ११.१ ऐवजी १० लिटर लागतं, म्हणजे एक लिटरहून जास्त वाचलं. १९ वरून २० वर गेलं तर पाव लिटर वाचतं. म्हणून मोठ्या गाडीत सवयी सुधारण्याचा फायदा छोट्या गाडीपेक्षा जास्त असतो. टायरमधली हवा, पायाचा हलकेपणा, रिकामा कॅरियर उतरवणं, एवढ्यावर साडेनऊची साडेदहा होऊ शकते.

पण ती करून वाचणार किती? वर्षाला १५ हजार किलोमीटर धरू. महिन्यातून दोनदा कराड आणि रोजचं ऑफिस, तेवढं होतंच. डिझेल ९० रुपये धरू. साडेनऊच्या हिशेबाने १५७९ लिटर, म्हणजे १ लाख ४२ हजार रुपये. साडेदहा दिलं तर साडेतेरा हजार वाचतात. वाईट नाही. पण या गाडीचा एक टायर १२ ते १६ हजारांचा येतो. एक खड्डा, साइडवॉल फुटली, वर्षभराची सगळी हुशारी गेली.

टायरचा विषय निघालाच आहे तर. कायम चारही चाकं फिरणाऱ्या गाडीत "दोन आता टाकू, दोन दिवाळीला" हे चालत नाही. पुढची-मागची घासलेली-नवी असली तर व्यास वेगळे, मग मधल्या डिफरन्शियलला सतत फरक मिटवत बसावं लागतं. चारही एकसारखे, एकदम. ६० हजार, आणि ४५ हजार किलोमीटर धरले तर वर्षाला २० हजार.

सर्व्हिस. इंजिनमध्ये सात लिटरच्या आसपास ऑइल जातं, छोट्या हॅचबॅकमध्ये जातं त्याच्या दुप्पट. वर पुढचा डिफरन्शियल, मागचा डिफरन्शियल, ट्रान्सफर केस, तिन्हींचं वेगळं ऑइल. हॅचबॅकवाल्याला ही नावंही माहीत नसतात, आणि जुनी फोर बाय फोर घेणाऱ्यालाही बऱ्याचदा नसतात. म्हणून सेकंड हँड गाडीत ती ऑइलं वर्षानुवर्षं बदललेली नसतात. चांगल्या बाहेरच्या गॅरेजला वर्षाचे ३५ हजार धर. सस्पेन्शन, ब्रेक, बॅटरी, क्लच, इंजेक्टर यांच्यासाठी वर्षाला ४० हजार वेगळे बाजूला टाक. एखाद्या वर्षी लागणार नाहीत, पुढच्या वर्षी दुप्पट लागतील.

आणि तुझ्या गाडीत एक खास गोष्ट. या तीन लिटरच्या इंजिनला टायमिंग बेल्ट आहे, दीड लाख किलोमीटरला बदलायचा. दुसऱ्या पिढीच्या २.८ मध्ये चेन आली, तिथे हा प्रश्न नाही. मालकाला गाडी नेमकी १ लाख ४२ हजारावर का विकायचीय, हा प्रश्न मी तरी विचारेन. बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं. बिल दाखवलं तर ठीक, नाही तर बदलायचाय असं समजून तेवढे पैसे किमतीतून कमी कर.

इन्शुरन्स. १५०० सीसीच्या वरच्या खाजगी गाडीचं नुसतं थर्ड पार्टी वर्षाला ७८९७ रुपये, वर जीएसटी. पूर्ण विमा घेतलास तर २५ हजार धर. हे सगळं मिळून वर्षाला २ लाख ६२ हजार. किलोमीटरला साडेसतरा रुपये.

अजून गाडीची स्वतःची किंमत आलीच नाही. एवढ्या जुन्या गाडीला कार लोन मिळणं अवघड, म्हणून तू पर्सनल लोन म्हणालास. आठ लाख, १४ टक्के, पाच वर्षं. हप्ता १८,६०० रुपये. पाच वर्षांत व्याज ३ लाख १७ हजार, वर्षाला सरासरी ६३ हजार. तीन वर्षांनी गाडी साडेसात लाखाला गेली तर वर्षाला आणखी ८० हजारांच्या आसपास घसारा. फॉर्च्युनरची रिसेल भारी, हे मान्य, पण २०२९ ला तिच्या रजिस्ट्रेशनची १५ वर्षं पूर्ण होतात. रिन्यूअल, फिटनेस, ग्रीन टॅक्स हे सगळं समोर असताना घेणारा भाव पाडूनच मागणार.

सगळं मिळवलं की वर्षाला ४ लाख ५ हजार. १५ हजार किलोमीटरने भाग. २७ रुपये किलोमीटर. त्यात डिझेल आहे साडेनऊ रुपये, एक तृतीयांशाच्या जरा वर. आपण सगळे पंपावरच्या आकड्यावरून भांडतो, आणि उरलेले दोन तृतीयांश पार्किंगमध्ये गपचूप जळत असतात.

कोणी म्हणेल, मग कमी चालवू. तेही फसतं. वर्षाला सहा हजारच चालवलीस तरी व्याज, घसारा आणि विमा मिळून १ लाख ६८ हजार जातातच. म्हणजे डिझेल टाकायच्या आधीच किलोमीटरला २८ रुपये. ड्रायव्हरसकट इनोव्हा भाड्याने घेतली तर साधारण १८ ते २२ ला मिळते. लग्नकार्याला, कोकणात जायला, मित्रांच्या ट्रिपला ती बोलवा की.

दिल्लीकडच्या स्वस्त गाड्यांबद्दलही बरेच जण विचारतात. दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांवर तिकडे जे निर्बंध आले, त्यामुळे भाव पडलेले असतात हे खरं. पण १२ महिन्यांच्या वर इथे ठेवायची तर एनओसी आणून एमएच नंबर घ्यावा लागतो, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. डिझेलला तो पेट्रोलपेक्षा जास्त आहे. तो मिळवून मगच भाव स्वस्त आहे का बघा.

आणि जे म्हणतात "मग नवीन बीएस-६ डिझेल बघतो", त्यांच्यासाठी. एप्रिल २०२० नंतरच्या या गाड्यांमध्ये डीपीएफ असतो, काजळी अडवणारी जाळी. ती साफ व्हायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो, म्हणजे अधूनमधून हायवेवर सलग अर्धा तास. रोज चार किलोमीटर ऑफिस, चार किलोमीटर घरी, असं असेल तर ती तुंबते, साफ करायला गाडी जादा डिझेल जाळते, आणि दुर्लक्ष केलंत तर बिल मोठं येतं. तुमचं रोजचं अंतर तेवढंच असेल तर डिझेल घेऊच नका, कुठलंच.

मग ही गाडी कोणासाठी? पावसाळ्यात काळ्या मातीतून शेतावर जावं लागतं, घाटमाथ्यावरच्या वाडीत कच्चा चढ आहे, ट्रॉली ओढायची आहे, अशांना लो-रेंजचं मोल २७ रुपयांतही वसूल होतं. तिथे ॲव्हरेज विचारायचंच नसतं, तासाला किती लिटर तेवढं बघायचं. समुद्राच्या वाळूत रील काढायला नेणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. भरती आली की ट्रॅक्टरवाला जो भाव सांगेल तो सांगेल, आणि खारं पाणी चेसिसला लागलं की तो खर्च पुढे पाच वर्षं चालतो.

भावा, तुझा महिना असा दिसेल. हप्ता १८,६०० आणि गाडीचा खर्च २१,८००. मिळून ४०,४०० रुपये. ५८ हजारांतून उरतात १७,६००, त्यात पुण्यातलं भाडं, जेवण आणि घरी पाठवायचे पैसे. माझं मत, लोन काढून घेऊ नको. दोन वर्षांनी कर्जाशिवाय घेता आली तर हा हिशेब वेगळा होईल, तेव्हा परत पाठव.

तरी रविवारी बघायला जाणारच असशील, मला माहितीय. तर सकाळी लवकर जा, इंजिन थंड असताना स्वतः स्टार्ट कर, धूर बघ. मोकळ्या कच्च्या जागेत ट्रान्सफरचा लिव्हर लो-रेंजला टाकून दाखवायला सांग. वर्षानुवर्षं हलवला नसेल तर अडकतो. आणि चारही टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष. चारही एकाच सुमाराचे आहेत का बघ, फोटो काढ आणि मला पाठव.