डॉक्टरच्या ॲपला कॉन्टॅक्ट लिस्ट कशाला?

‘अलाउ’ दाबताना आपण मामी, शेजारी, मुलांच्या बाई अशा सगळ्यांचे नंबर देऊन टाकतो. त्यांना कुणी विचारलं? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात एक सुंदर उदाहरण आहे: फोनवर वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने कॉन्टॅक्ट लिस्ट मागितली आणि तुम्ही हो म्हणालात, तरी संमती सल्ल्यापुरतीच धरायची. मला ही तरतूद फार महत्त्वाची वाटते! शिवाय संमतीची विनंती मराठीत मागता येईल, दिलेली संमती तितक्याच सहज परत घेता येईल. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. ही कलमं लागू व्हायला त्यापुढे १८ महिने आहेत. तोवर सेटिंग्जमध्ये कॉन्टॅक्ट्सची परवानगी कुणाकुणाकडे आहे ते बघा. आईच्या फोनवर टॉर्चच्या ॲपकडेही होती.