इराकचा क्लेचा : खजुराची गुंडाळी

ईद असो की नाताळ, इराकमधल्या घरात क्लेचा हवाच. आपल्या दिवाळीच्या फराळासारखं हे कामही सगळ्यांनी मिळून करायचं, म्हणून मुलांना सोबत घ्याच. 250 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम पातळ तूप, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा यीस्ट आणि लागेल तसं कोमट दूध. मळून तासभर झाकून ठेवा.

खरी मेख सारणात आहे. बिया काढलेला 250 ग्रॅम खजूर चमचाभर तुपावर मंद आचेवर परतून घोटा, वेलची घाला. सारण पिठाइतकंच मऊ हवं. घट्ट राहिलं की पसरताना पोळी फाटते, गरम असेल तर पिठातलं तूप सुटतं. म्हणून गार करून दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये लाटायचं नि अलगद पोळीवर ठेवायचं. अळूवडीसारखी घट्ट गुंडाळी करा. सैल राहिली तर भाजताना पदर सुटतात.

कापायला दोरा द्या मुलांना! गुंडाळीखालून घालून वर आणायचा, टोकं उलटसुलट ओढायची. सुरीने गुंडाळी चपटी होते. वरून अंडं किंवा दूध लावून, तापलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर साधारण 20 ते 25 मिनिटं. बदामी झाले की काढा. गरम असताना मऊच लागतात, गार झाले की खुसखुशीत होतात.