पन्नाशीनंतरचं कार्ड

घाटकोपर सोडून दक्षिणेकडे निघालं की अमर महाल ओलांडून चेंबूर लागतं. एकीकडे सोसायट्यांची गर्दी, पलीकडे माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या, आणि या दोन्हींच्या मध्ये झाडांनी झाकलेलं 18 होलचं मैदान. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 पासून इथे आहे. आत खेळणारे बहुतेक उद्योगपती, डॉक्टर, निवृत्त अधिकारी. पण मैदान ज्यांना पाठ असतं ते कॅडी. ग्रीनवर उकिडवं बसून गवत कुठल्या दिशेला झुकलंय ते कॅडी बघतो, कपाच्या डाव्या कडेकडे बोट करतो आणि एवढंच म्हणतो, "लेफ्ट एज, साहेब. हळू." साहेबानं त्याचं ऐकलं तर चेंडू आत जातो. गवत वाचण्याची ही नजर वर्षानुवर्षांच्या वावरातून येते, आणि ती वयाबरोबर कमी होत नाही. ज्येष्ठांचा व्यावसायिक गोल्फ उभा आहे तो याच गोष्टीवर.

क्रिकेटपटू चाळिशीच्या आत थांबतो, कबड्डीपटू त्याच्याही आधी. गोल्फमध्ये मात्र 50 वर्षं पूर्ण झाली की एक नवं दार उघडतं. अमेरिकेतली पीजीए टूर चॅम्पियन्स, युरोपातली लेजेंड्स टूर, सीनियर ओपन, यूएस सीनियर ओपन, सगळीकडे अट एकच: वय किमान 50. वरची मर्यादा नाही.

हा आकडा काही पहिल्यापासून ठरलेला नव्हता. 1978 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला 'लेजेंड्स ऑफ गोल्फ' ही जुन्या खेळाडूंच्या जोड्यांची स्पर्धा झाली. पुढच्याच वर्षी दोन जोड्यांमधला प्लेऑफ सहा होल लांबला आणि टीव्हीसमोरचे प्रेक्षक जागचे हलले नाहीत. म्हाताऱ्यांचा गोल्फ बघायला लोक तयार आहेत हे त्या दिवशी दिसलं, आणि 1980 मध्ये सीनियर टूर सुरू झाली. त्याच वर्षी पहिली यूएस सीनियर ओपन भरली, तेव्हा वयाची अट होती 55. आर्नोल्ड पामर नुकताच पन्नाशी ओलांडून आलेला होता. अमेरिकन गोल्फचा सगळ्यांत लाडका खेळाडू, आणि तोच बाहेर! 1981 मध्ये अट 50 वर आली आणि ती स्पर्धा पामरनंच जिंकली. वयाचा नियम शरीरशास्त्रापेक्षा गर्दी कोणासाठी जमते यावर ठरला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. नियम माणसांनी केले, माणसांसाठी बदलले. पुढेही बदलता येतील.

हौशी खेळाडूंचा हिशोब वेगळा. अमेरिका आणि ब्रिटनच्या पुरुषांच्या हौशी ज्येष्ठ स्पर्धांत अट 55 वर्षांची, तर अमेरिकेतल्या व्यावसायिक महिलांच्या ज्येष्ठ टूरवर 45 ची. आपल्या कपिल देव यांनी क्रिकेटनंतर हौशी म्हणून गोल्फ मनापासून धरला. 2018 मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, आशिया-पॅसिफिक सीनियर्स स्पर्धेसाठी ते भारतीय संघात निवडले गेले, आणि 2024 मध्ये भारतीय व्यावसायिक गोल्फ चालवणाऱ्या पीजीटीआयचे अध्यक्ष झाले.

वय मोजलं जातं ते तारखेनं. स्पर्धा सुरू होईपर्यंत पन्नासावा वाढदिवस झालेला हवा, एक दिवसही इकडेतिकडे चालत नाही. फिल मिकलसन 16 जून 2020 ला पन्नास वर्षांचा झाला आणि ऑगस्टमध्ये ज्येष्ठांच्या टूरवरची आपली पहिलीच स्पर्धा जिंकून मोकळा झाला. आपल्याकडे गुरुजींनी शाळेच्या दाखल्यावर सरसकट 1 जून लिहून दिलेली एक अख्खी पिढी आहे. तिच्यातल्या खेळाडूची पन्नाशी कागदावर येते तेव्हाच खरी.

पण वयाची अट हा सगळ्यांत सोपा भाग. खरी चाळणी त्यानंतर सुरू होते. अमेरिकेच्या ज्येष्ठ टूरच्या बहुतेक स्पर्धांत साधारण 78 खेळाडू, तीन दिवस, 54 होल, कट नाही. म्हणजे आत शिरलेला प्रत्येक जण शेवटच्या दिवशीही खेळतो आणि बक्षिसाची रक्कम घेऊन जातो. म्हणूनच आत शिरणं इतकं अवघड. बहुतेक जागा आधीच भरलेल्या असतात: गेल्या मोसमातले वरचे खेळाडू, तरुणपणी मुख्य टूर जिंकलेले, आयुष्यभराच्या कमाईच्या यादीत वर असलेले. उरलेल्यांसाठी क्यू-स्कूल, म्हणजे पात्रता स्पर्धा. आधी प्राथमिक टप्पे, मग अंतिम टप्पा, आणि त्यातून वर्षभर खेळण्याचा हक्क देणारं पूर्ण कार्ड मिळतं पहिल्या पाच जणांना. जगभरातून पाच! प्रवेश शुल्कच काही हजार डॉलर; विमान, हॉटेल, कॅडी हा खर्च वेगळा. तिथे जमलं नाही तर आठवड्याची एखाददुसरी जागा गाठण्यासाठी एका दिवसाची पात्रता फेरी, मंडे क्वालिफायर.

या अरुंद वाटेनं आत गेलेली माणसं मला पामरइतकीच मोठी वाटतात. वॉल्ट झेम्ब्रिस्की उंच इमारतींच्या लोखंडी सांगाड्यांवर काम करणारा मजूर. पन्नाशीनंतर सीनियर टूरवर आला आणि तिथे तीन स्पर्धा जिंकला. टेक्सासचा रॉबर्ट लँडर्स दुकानातली नोकरी गेल्यावर गुरं सांभाळत होता. कुरणात, गाईंच्या मधून चेंडू मारत सराव करायचा. 1994 च्या क्यू-स्कूलमधून त्यानं पुढच्या वर्षाचं कार्ड मिळवलं. ज्येष्ठांची टूर म्हणजे नामवंतांचं पेन्शन, असं म्हणणाऱ्यांना ही दोन नावं पुरेशी आहेत.

शरीराचं काय? बहुतेक स्पर्धांत बग्गी चालते, मैदानही मुख्य टूरपेक्षा थोडं आखूड लावतात. वय खरं उघडं पडतं ते पटिंगमध्ये. तीन-चार फुटांवरचा कप, आणि नेमक्या त्या क्षणी मनगट झटका देतं. या दुखण्याला गोल्फर यिप्स म्हणतात. जर्मनीच्या बर्नहार्ड लांगरला ते तरुणपणीच जडलं. त्यानं पकड बदलली, मग लांब पटर घेतला. 2016 मध्ये पटर छातीला टेकवून मारण्यावर बंदी आली, तर त्यानं तोच पटर छातीपासून किंचित दूर धरला आणि जिंकत राहिला. 2023 मध्ये 65 व्या वर्षी यूएस सीनियर ओपन जिंकून त्यानं हेल अर्विनचा 45 विजयांचा विक्रम मोडला, आणि 67 व्या वर्षी पुन्हा एक स्पर्धा जिंकली. तो दमाचा खेळाडू आहेच, पण त्याहून मोठी आहे ती पुन्हा शिकायची तयारी.

भारताशी या गोष्टीचा धागा जुना आहे. पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेल्या ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसननं 1964 ची पहिली इंडियन ओपन जिंकली, आणि त्याच थॉमसननं 1985 मध्ये अमेरिकेच्या सीनियर टूरवर एका वर्षात नऊ स्पर्धा मारल्या. जीव मिल्खा सिंग आणि ज्योती रंधावा पन्नाशीनंतर लेजेंड्स टूरवर उतरले. पात्रता फेरीचं मोल मुख्य टूरवर अर्जुन अटवालनं दाखवलं: 2010 मध्ये कार्ड हातातून गेलेलं असताना तो सोमवारच्या पात्रता फेरीतून विंडहॅम चॅम्पियनशिपमध्ये घुसला आणि ती जिंकून पीजीए टूर जिंकणारा पहिला भारतीय ठरला.

तरी मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो महूचा मुकेश कुमार. कॅडी म्हणून सुरुवात, देशांतर्गत सर्किटवर शंभराहून अधिक विजय, आणि डिसेंबर 2016 मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर पॅनासोनिक ओपन इंडिया. वय 51. एशियन टूरवरचा पहिला विजय, तोही मुलाच्या वयाच्या खेळाडूंना हरवून, वयाची कुठलीही सवलत न घेता. दिल्लीच्या अली शेरनं 1991 ची इंडियन ओपन जिंकली तेव्हापासून भारतीय गोल्फमधल्या मोठ्या विजयांच्या मागे कॅडींची ही परंपरा आहे. अनेक क्लबांत सोमवारी मैदान सभासदांसाठी बंद असतं, आणि त्याच दिवशी कॅडी स्वतः खेळतात. मिळेल त्या काठ्या घेऊन कित्येक जण खेळ शिकले ते असेच.

या माणसांना पन्नाशीत पात्रता स्पर्धेसाठी अमेरिका गाठणं परवडणार नाही. 2024 मध्ये लेजेंड्स टूर ग्रेटर नोएडाला आली, ही सुरुवात चांगली आहे. पण तेवढ्यावर थांबता कामा नये. चेंबूरसारख्या मैदानावर ज्येष्ठांची 54 होलची स्पर्धा तीन दिवसांत होते. पुरस्कर्ते मुंबईत शोधावे लागत नाहीत. आमंत्रणांच्या जागा नामवंतांना जरूर द्याव्यात, पण किमान दहा जागा पात्रता फेरीसाठी मोकळ्या ठेवाव्यात. प्रवेश शुल्क एका महिन्याच्या कॅडी-कमाईतून भरता येईल इतकं असावं. आणि ही फेरी सोमवारी घ्यावी, म्हणजे कोणाचा रोजही बुडणार नाही.