संख्येचा कंठहार

हिंगोलीच्या हळद बाजारात दिवसभर आकडे उच्चारले जातात ते वजनाचे, भावाचे आणि येण्या-देण्याचे. आकडा जितका मोठा तितका मोलाचा, अशी आपली सहज समजूत असते. परंतु संख्येला आकारमानाखेरीज स्वभावही असतो. तो पारखण्याची विद्या आपल्या जैन आचार्यांनी शतकानुशतके जोपासली.

इ. स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ग्रंथारंभी त्यांनी राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याचा गौरव केला आहे. मान्यखेट, म्हणजे आजचे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड, ही त्याची राजधानी. आपला मराठवाडाही तेव्हा राष्ट्रकूटांच्याच सत्तेखाली होता. या ग्रंथातील काही गुणाकारांची उत्तरे मण्यांच्या कंठहारासारखी दोन्ही बाजूंनी सारखी येतात. त्यांपैकी एक असा :

२,७९,९४,६८१ × ४४१ = १२,३४,५६,५४,३२१

बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चौपन्न हजार तीनशे एकवीस! एकापासून सहापर्यंत चढून पुन्हा एकापर्यंत उतरणारी ही संख्या १,११,१११ चा वर्ग आहे. १,११,१११ म्हणजे ३, ७, ११, १३ व ३७ या पाच मूळ संख्यांचा गुणाकार. वरील उदाहरणात ४४१ हा ३ × ७ चा वर्ग, तर दुसरा गुणक ११ × १३ × ३७ चा वर्ग आहे.

या संख्येला एकंदर २४३ विभाजक आहेत. पूर्ण वर्गाचे विभाजक नेहमी विषमच भरतात. ती स्वतः वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज १३,०२,९८,७०,६७२, म्हणजे मूळ संख्येहून अधिक होते. अशा संख्येला विपुल म्हणतात. विषम संख्यांत ही विपुलता विरळाच. त्यांतील सर्वांत लहान विपुल संख्या ९४५ आहे.

विसाव्या शतकात देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशाच संख्यांचा अभ्यास केला. डोंबिवली स्थानकाच्या तत्कालीन नावावरून त्यांनी त्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणारी ती ‘हर्षद’ संख्या, हे वर्गीकरणही त्यांचेच. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ३६ येते. संख्या विषम असल्याने तिला ३६ ने भाग जात नाही. म्हणून ती हर्षद नव्हे.

मात्र ३६ ला नवाने भाग जातो, म्हणून या संख्येलाही जातो. हा नियम व्यापाऱ्याच्या नित्य उपयोगाचा आहे. ४,५४० ऐवजी ५,४४० लिहिले गेले, तर फरक ९०० पडतो. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरकाला नवाने भाग जातोच. तेरीज जुळेना आणि फरकाच्या अंकांची बेरीज नवाच्या पटीत आली, तर प्रथम उलटे पडलेले अंक शोधावेत. बँकेतील नोकरीत या युक्तीने आमच्या अनेक संध्याकाळी वाचवल्या.

आज बेरीज संगणक करतो. पण त्याला दिलेला आकडाच उलटा असेल, तर तो बिनचूक चुकीचे उत्तर देतो. तेथे पारख माणसाचीच लागते. पेढीवर बसणाऱ्या मुलामुलींना वरचा गुणाकार एकदा कागदावर हाताने करावयास द्यावा. उत्तराचा हार पूर्ण होताना त्यांच्या मुद्रेवर जो आनंद उमटेल, तोच या विद्येचा खरा वारसा.